धापूबाईंची अठाई

रुची ओस्तवाल दरवर्षी फळ्यावर पचनसंस्था काढायची आणि दरवर्षी खालच्या भागाशी आली की तिचा खडू घाईला यायचा. तोंड, अन्ननलिका, जठर इथपर्यंत सगळं सजवून. यकृत तांबड्या खडूने, पित्ताशय हिरव्या. लहान आतड्याच्या वेटोळ्यांना ती मनापासून वेळ द्यायची. मग मोठं आतडं चौकटीसारखं एकदा ओढलं की खाली दोन रेघा, एक बाण, आणि डस्टर हातात. मागच्या बाकांवर खसखस पिकायच्या आत विषय आवरलेला बरा, हे धरणगावच्या शाळेत इतकी वर्षं विज्ञान शिकवून तिला पक्कं कळलं होतं.

तिचं एकटीचं असं नाही. आपण माणसं दिवसभर पोटाचंच बोलतो. पोटापाण्याचं बघतो, दुसऱ्याचं गुपित पोटात ठेवतो, पोटच्या पोरांवर जीव टाकतो. पण पोटात गेलेल्या घासाचं पुढे काय होतं, ते मात्र दार लावून करायचं आणि दारामागेच सोडून यायचं. रुचीही तेच करत आली होती. या वर्षी ते दार तिच्याच घरात उघडं पडलं.

तिच्या सासूबाई, धापूबाई, म्हणजे त्या घराचं स्वयंपाकघर. सत्तरीला टेकलेल्या, ठेंगण्या, हातात काचेच्या बांगड्यांच्या मागेपुढे सोन्याच्या पाटल्या. कोणत्या डब्यात काय आणि किती उरलंय हे झाकण न उघडता सांगायच्या. रुची लग्न होऊन धुळ्याहून आली तेव्हा पीठ मळताना त्या मागे उभ्या राहायच्या, बोलायच्या काहीच नाहीत, आणि त्यानेच पोरीच्या हाताला घाम सुटायचा. एरंडोल-चोपड्याकडचे नातेवाईक धरणगावात दुसऱ्या कोणाकडे उतरले तरी जेवायला मात्र ओस्तवालांकडे येत.

त्यांच्या मोठ्या आतड्यात, अगदी खालच्या टोकाशी, गाठ निघाली. जळगावला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाठ काढली, दोन्ही टोकं शिवली, आणि शिवण पक्की होईपर्यंत त्या वाटेवर ये-जा नको म्हणून लहान आतड्याचा शेवट पोटाच्या उजव्या बाजूने बाहेर काढून ठेवला. त्यावर चिकटवायची थैली. पावसाळा सरता सरता आतडं परत आत घालू म्हणाले, पण एका अटीवर. बाईंचं वजन टिकलं पाहिजे आणि अंगातलं मीठपाणी टिकलं पाहिजे. नाहीतर दुसरं ऑपरेशन त्यांना झेपायचं नाही.

थैली कशी रिकामी करायची, कशी बदलायची, हे शिकवायला रत्ना सिस्टर होती. चोपड्याकडची, बोलायला फटकळ आणि हाताला हलकी. तिने थैली काढली, आणि आत रुपयाएवढा, ओला, लालभडक मांसाचा कोंब दिसला. तो आपोआप किंचित हलत होता.

"आक्का, हाई लाल शे म्हंजे बठ्ठं बेस शे," रत्ना म्हणाली. "काळं पडनं तं लगेच फोन करजा. याले हात लावा, दुखत नही."

धापूबाई छताच्या पंख्याकडे बघत पडल्या होत्या. त्यांनी हात लावला नाही, आणि पाहिलंही नाही. त्या दिवसापासून तो कोंब त्यांचा नव्हताच. थैलीचं सगळं काम रुचीकडे आलं.

घरी आल्यावर पहिल्यांदा थैली रिकामी करताना रुचीने ओढणीचं टोक नाकाशी नेलं. क्षणभरच. मग स्वतःचीच लाज वाटून हात खाली घेतला. सासूबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी काही पाहिलं नसावं, असं तिने धरून चाललं.

गावाला सांगितलं, पोटाचं ऑपरेशन झालं. थैलीचं फक्त तिघांना ठाऊक. धापूबाई, रुची आणि मुलगा अभयकुमार, ज्याचं सरकी-पेंडीचं दुकान बाजारात आहे. धापूबाईंनी दोघांकडून तसं वचनच घेतलं होतं. मग त्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा सोडला. लोणच्याच्या बरणीला हात नाही, पापडाच्या पाटाला हात नाही. मागच्या खोलीत पलंग, खिडकी आणि माळ. जैन साध्वींचा मुक्काम असतो त्या स्थानकातही जाणं बंद. रोज सकाळी तिथे थोरल्या साध्वी महासतीजींच्या व्याख्यानाला पहिल्या ओळीत बसणारी बाई, आता व्याख्यानाची वेळ झाली की खिडकी लावून घ्यायची. जिथे मळ असेल तिथे सूत्र म्हणत नाहीत, हे त्यांना लहानपणापासून पाठ. आणि आता मळ पोटालाच बांधलेला.

मग उपास सुरू झाले. आधी एकासणं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं. मग एक दिवसाआड उपास. अधूनमधून आयंबिल, त्यात तूप नाही, तेल नाही, मीठसुद्धा नाही. चातुर्मास लागला होता, घराघरात तप चालू होतं, त्यामुळे कोणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. उलट कौतुकच झालं. एवढं मोठं ऑपरेशन झालेली बाई आणि बघा तिची श्रद्धा. चोपड्याहून नणंदेचा फोन आला, एरंडोलहून भाचीचा. संध्याकाळी शेजारच्या बायका साता विचारायला येत, तप करणाऱ्याची खुशाली विचारायची तशी, आणि जाताना पाया पडून जात. अभयकुमारची छाती फुगली. पेंडीची पोती उचलायला आलेले झुलाल आबासुद्धा एकदा म्हणाले, "शेठ, बठ्ठा गावमा तुम्हनी मायनं नाव शे." तो ते घरी येऊन दोनदा सांगायला विसरला नाही.

रुचीला मात्र रोज आंघोळीनंतर सासूबाईंच्या खांद्याची हाडं दिसत होती. पाटल्या कोपराकडे सरकायला लागल्या होत्या. उठताना त्या भिंत धरत. मीठ-साखरेचं पाणी पाजलं तर घोटभर घेऊन ग्लास खिडकीत ठेवून देत. पण रुचीने बोलायचं काय? दुसऱ्याच्या तपात आडवं आलं की अंतराय कर्म बांधलं जातं, हे तिलाही लहानपणापासून पाठ होतं. जेव म्हणणारी सून वाईट आणि उपाशी ठेवणारी चांगली, असा उलटा न्याय त्या दिवसांत चालतो. ती एकदा नवऱ्याला म्हणालीच, "डॉक्टरांनी वजन टिकवायला सांगितलंय."

"बाईंच्या शरीराला सवय आहे," अभयकुमार म्हणाला. "त्यांनी तीन अठाया केल्यात. आपण काय सांगणार त्यांना?"

आणि पर्युषण चार दिवसांवर आलं तेव्हा धापूबाईंनी जाहीर केलं की या वर्षी त्या चौथी अठाई करणार. आठ दिवस अन्न नाही. उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवसाउजेडीच. शेवटचा दिवस संवत्सरीचा. पच्चक्खाण, म्हणजे व्रताचा नेम, घ्यायला स्थानकात जाववत नाही, तेव्हा महासतीजींना घरी पधारायला सांग, असं त्यांनी मुलाला फर्मावलं. अभयकुमारने त्याच संध्याकाळी पारण्याच्या दिवशी कोणाकोणाला बोलवायचं याचा विचार सुरू केला.

दुसऱ्या दिवशी शाळा लवकर सुटली. रुची घरी आली तर मागच्या खोलीत कोणी नाही आणि मोरीचं दार अर्धवट लोटलेलं. आत धापूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. साडीचा पदर ओला, थैलीची चिमटी सुटलेली, आणि फरशीवर हिरवट पिवळं पाणी. त्या पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने थैली रिकामी करायला गेल्या होत्या. रडत नव्हत्या. चिडल्या होत्या.

"काल सूर्यास्तापासून तोंडात थेंब नाही," त्या म्हणाल्या. "परवापासून अन्न नाही. मग हे येतं कुठून, बिनणी? सांग मला. आत काय सडतंय?"

रुचीने आधी त्यांना उठवलं, धुतलं, कोरडी साडी नेसवली, नवी थैली लावली. पलंगावर बसवून पाणी दिलं, आणि या वेळी ग्लास संपेपर्यंत हात सोडला नाही. मग धापूबाईंनीच बोलायला सुरुवात केली. घरात त्या दोघी मारवाडीतच बोलत, आणि मारवाडीत लपवाछपवी फार वेळ टिकत नाही.

त्यांचा हिशेब सरळ होता. खाल्लं की थैली भरते. खाल्लं नाही तर भरणार नाही. एका दिवसाने नाही आटलं, दोन दिवसांनी आटेल. दोन दिवसांनी नाही, तर आठ दिवसांनी तरी पोट कोरडं पडेलच की. आणि आठवा दिवस संवत्सरीचा. वर्षाचं मोठं प्रतिक्रमण. त्या दिवशी रिकाम्या थैलीने त्यांना स्थानकात बसायचं होतं, सगळ्यांबरोबर, सगळ्या जीवांची माफी मागायला. लग्न होऊन धरणगावात आल्यापासून त्यांची एकही संवत्सरी चुकली नव्हती. पुढची बघायला आपण असू की नसू, हे त्या बोलल्या नाहीत, पण रुचीला ते ऐकू आलं.

म्हणजे हे तप नव्हतंच. गावभर ज्याचं कौतुक चाललं होतं ती एका बाईची थैली आटवायची धडपड होती. रुचीने पर्स जवळ ओढली. तिच्या पर्समध्ये खडू होता, शिक्षिकेच्या पर्समध्ये तो असतोच. तिने खाली बसून शहाबादी फरशीवर काढायला सुरुवात केली.

"हे तोंड. इथे लाळ सुटते. जेवलं तर जास्त, नाही जेवलं तरी थोडी सुटतेच, आपण ती गिळत राहतो. हे जठर. याचा आंबट रस. हे यकृत, इथलं पित्त, हिरवं. तुम्ही आज पाहिलं ना, ते हे. हे स्वादुपिंड, त्याचा वेगळा रस. आणि हे लहान आतडं स्वतःही पाणी सोडतं. सगळं मिळून दिवसाला कळशीभर होतं, मम्मीजी. घासावर अवलंबून नाही ते."

"कळशीभर?"

"कळशीभर. उपास असला तर थोडं कमी, पण थांबत नाही. आणि एरवी आपल्याला कळतही नाही, कारण हे बघा." ती मोठं आतडं काढायला लागली. या वेळी चौकट एकदा ओढून झाली नाही. तिने ते नीट काढलं, उजव्या कुशीतून वर, मग आडवं, मग डावीकडून खाली, फुगवट्या फुगवट्यांचं. "याचं काम हेच. आलेलं पाणी आणि मीठ शोषून परत रक्तात द्यायचं. एक थेंब वाया घालवत नाही हे. तुमची शिवण याच्या खालच्या टोकाला आहे, म्हणून सध्या याला सुट्टी दिलीय. त्यामुळे वरचं सगळं पाणी, सगळं मीठ इथूनच बाहेर जातं." तिने लहान आतड्याच्या शेवटी एक लाल गोल काढायला खडू शोधला, पण तिच्याकडे पांढराच होता. "सडत काही नाहीये. ते काम करतंय."

धापूबाई त्या चित्राकडे खूप वेळ बघत राहिल्या. सुनेने भाजीत हिंग जास्त घातला की बघायच्या तशाच.

"म्हणजे आठ दिवस उपाशी राहिले तरी ही थैली भरणार?"

"भरणारच. आणि अंगातलं मीठपाणी संपलं की तुम्ही चक्कर येऊन पडाल. मूत्रपिंडं बंद पडतील. मग ऑपरेशन कसलं आणि संवत्सरी कसली."

खरं सांगितलं की माणूस शहाणा होतो, असं शिक्षकांना उगीच वाटतं. धापूबाईंनी मान हलवली, आडव्या झाल्या आणि भिंतीकडे वळल्या. "मग जायलाच नको," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी अन्न परत पाठवलं. आधी उपाशी राहण्याला काही कारण तरी होतं, आता तेही उरलं नाही, आणि तरीही त्या उपाशीच राहिल्या. रुचीने फरशी पुसली तेव्हा तिला आपण काहीतरी मोडून ठेवल्यासारखं वाटलं.

सकाळी महासतीजी गोचरीला आल्या. अभयकुमारने सांगितल्याप्रमाणे घरोघरी आहार घेत घेत त्या ओस्तवालांकडे वळल्या होत्या. वयस्कर, काळ्यासावळ्या, पायांना भेगा, तोंडावर मुहपत्ती, हातात लाकडी पात्रं. त्यांच्या मागे एक तरुण साध्वी. रुचीने पात्रात दोन पोळ्या आणि थोडी डाळ वाढली. धापूबाई भिंत धरत बाहेरच्या खोलीत आल्या, वंदना केली आणि हात जोडून उभ्या राहिल्या.

"अठाईचं पच्चक्खाण द्या," त्या म्हणाल्या. काल सगळं समजूनही. त्यांच्या आवाजात आता हट्ट नव्हता, आणि रुचीला त्याचीच जास्त भीती वाटली. ही बाई आटवायला निघाली आहे, आणि थैली नव्हे, स्वतःला.

अभयकुमार बाजूला हात जोडून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. महासतीजींनी धापूबाईंकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "शरीराची साता आहे ना?"

"आहे," धापूबाई म्हणाल्या.

रुचीच्या हातात डाळीची वाटी होती. अंतराय कर्म, दिलेलं वचन, सासूबाईंचा मान, सगळं तिला आठवलं, आणि तिने वाटी खाली ठेवली. ती म्हणाली, "नाही. साता नाही. यांचं आतडं पोटातून बाहेर काढलंय. मळाची थैली लावलेली आहे. डॉक्टरांनी उपास करू नका म्हणून सांगितलंय."

अभयकुमारने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने भर बाजारात सासूचा पदर ओढला. धापूबाईंनी मान खाली घातली. तरुण साध्वी पात्रांकडे बघू लागली. महासतीजींनी हातातलं पात्र सावरलं. मग त्यांनी विचारलं ते कोणाच्याही मनात आलं नसतं.

"कुठे परठता?"

म्हणजे टाकता कुठे. रुची गोंधळली. "संडासात," ती म्हणाली.

"हं. तुम्हा संसारी लोकांना दुसरा इलाज नाही," महासतीजी म्हणाल्या आणि धापूबाईंकडे वळल्या. "आम्ही कसं करतो, ठाऊक आहे ना तुम्हाला? एवढी वर्षं येता स्थानकात."

धापूबाईंना ठाऊक होतं. साध्वी संडास वापरत नाहीत. गावाबाहेर जातात, आणि जाता आलं नाही तर पात्रात घेऊन, झाकून, कोरडी जागा शोधून टाकतात. जिथे दाणा नाही, कोंब नाही, मुंगी नाही अशी जागा. सगळ्यांना ठाऊक असतं, कोणी बोलत नाही.

"दीक्षा घेतली तेव्हा मी सोळा वर्षांची होते," महासतीजी म्हणाल्या. "वाटलं होतं, आता सूत्रं शिकवतील. गुरुणीजींनी आधी शिकवलं ते हे. कसं चालायचं, कसं बोलायचं, कसं मागायचं, कसं उचलायचं-ठेवायचं, आणि पाचवं, अंगातून निघालेलं कसं टाकायचं. पाचही गोष्टी सारख्याच मोलाच्या. गुरुणीजी म्हाताऱ्या झाल्या, अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांचं सगळं मी या हातांनी उचललं. याच हातांत तुमची पोळी घेतली आत्ता." त्यांनी पात्र जरा वर केलं. "अठाईचं पच्चक्खाण मी देणार नाही. डॉक्टर नको म्हणत असताना मी देत नाही. संवत्सरीला या."

"मी कशी येऊ?" धापूबाई पुटपुटल्या. "सूत्र चालू असतं."

"थैली बंद असते ना?"

"असते."

"मग दाराजवळ बसा. सूत्र मी म्हणेन, तुम्ही मनात म्हणा. भरली तर उठा, परठा, परत या. आजाऱ्याला मोकळीक असते." आणि निरोपाचा मांगलिक पाठ म्हणून त्या पुढच्या घराकडे गेल्या. जाताना तरुण साध्वीला मोरीकडचं पाणी ओलांडू नकोस, त्यात जीव असतात, म्हणून सांगितलं, जणू काही विशेष घडलंच नव्हतं.

"तू बोलायला नको होतंस," अभयकुमार म्हणाला आणि न जेवता दुकानात गेला. धापूबाईंनी सुनेशी बोलणं टाकलं. थैली बदलताना त्या पूर्वीसारख्या भिंतीकडे बघत, आणि काही हवं असेल तर पलंगाच्या पायाशी सांगत. गावात बातमी दुपारपर्यंत पोचली. कोणी सांगितली, कळलं नाही. संध्याकाळी साता विचारायला कोणी आलं नाही, आणि ते रुचीच्या चांगलंच जिव्हारी लागलं. आपण केलं ते बरोबर होतं का, हा प्रश्न तिला पर्युषणभर सोडून गेला नाही.

अभयकुमार त्या रात्री दुकानातून आला तो मीठ-साखरेच्या पुड्यांचं एक अख्खं खोकं घेऊन. आईच्या खिडकीत खोकं ठेवलं, एक पुडी फोडून तांब्यात कालवली आणि उद्यासाठी झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी रुचीने मुगाच्या डाळीची मऊ खिचडी पलंगापाशी ठेवली आणि शाळेत निघाली. परत आली तेव्हा ताट निम्मं रिकामं होतं. धापूबाई भिंतीला उद्देशून म्हणाल्या, "खिचडीत मीठ कमी आहे."

रुचीने संध्याकाळच्या खिचडीत मीठ वाढवलं. ताट पूर्ण रिकामं झालं. त्यानंतर पर्युषणाच्या दिवसांत सगळं गाव उपास करत होतं आणि ओस्तवालांच्या मागच्या खोलीत एक बाई रोज दोन वेळा जेवत होती, सूर्य मावळायच्या आत, कोणाशी न बोलता, जसं काही एखादं अवघड व्रत पाळत असावी. तीन तास दाराजवळ बसायचं तर अंगात बळ हवं, एवढाच त्यांचा मतलब होता. पाटल्या मनगटाकडे परतल्या नाहीत, पण भिंत धरणं कमी झालं. शाळेत रुचीने पचनसंस्थेचा धडा पुन्हा घेतला. मागच्या बाकावर खसखस पिकली. तिने ती पिकू दिली आणि मोठं आतडं सावकाश काढून पूर्ण केलं.

संवत्सरीला दोघी स्थानकात गेल्या. बायकांची बाजू भरलेली होती. दाराजवळ एक आसन मोकळं होतं आणि त्याच्या आजूबाजूला जरा जास्तच जागा मोकळी होती. धापूबाईंनी ते पाहिलं. तरीही बसल्या. रुची त्यांच्या शेजारी. दिवे लावत नाहीत, त्यामुळे उजेड उतरत गेला तसे चेहरे मावळत गेले आणि फक्त पाठ ऐकू येत राहिला. पृथ्वीचे जीव, पाण्याचे जीव, आगीचे, हवेचे, झाडाझुडपांचे, दोन इंद्रियांचे, तीन इंद्रियांचे. ज्यांना ज्यांना माझ्यामुळे दुःख झालं त्या सगळ्यांची मी माफी मागते, मिच्छामि दुक्कडम्. मग ध्यानाची शांतता आली, सगळं सभागृह श्वास धरून बसलेलं.

त्याच शांततेत धापूबाईंच्या पोटातून लांबलचक आवाज आला. त्या कोंबाला दार नव्हतं, आवाज अडवणार कोण? रुचीच्या कानशिलांत रक्त चढलं. पुढच्या दोन-तीन डोक्यांची हालचाल झाली. एकदा आवाज येऊन गेला आणि परत आला, पहिल्यापेक्षा निवांत. जेवलेल्या पोटाचा आवाज होता तो.

ध्यान संपल्यावर धापूबाई उठल्या. रुचीही उठली. स्थानकाच्या मागच्या अंगणापलीकडे पत्र्याची मोरी होती, तिथे त्या गेल्या. अजून थोडा उजेड होता. रुचीने पिशवीतून नवी थैली, कापूस, पाण्याची बाटली काढली. धापूबाईंनी बाटली तिच्या हातातून घेतली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांनी थेट तिच्याकडे बघून. "मी करते."

त्यांनी चिमटी सोडली, थैली रिकामी केली, मग हळूहळू सोलून काढली. त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं नाही, तिथे पंखा नव्हताही. खाली पाहिलं. लाल, ओला कोंब आपल्या नादात आकसत होता, सैलावत होता. रुची जवळ उभी होती. तिचे दोन्ही हात खालीच होते.

"मम्मीजी," ती म्हणाली, "पहिल्या दिवशी मी ओढणी..."

"पाहिलं होतं मी," धापूबाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवसापासून अर्धी पोळी कमी केली. तुला कमी त्रास व्हावा म्हणून. मग तीच सवय लागली." त्यांनी ओल्या कापसाने भोवतालची कातडी पुसली, सुनेपेक्षा हलक्या हाताने. "खमावते, बिनणी. वर्षभरात काही बोलले-चालले असेन तर."

"मीही खमावते," रुची म्हणाली.

आतून परत पाठाचा आवाज येऊ लागला. नवी थैली लावायची राहिली होती. धापूबाईंनी ती लगेच लावली नाही. उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी त्या कोंबावर टेकवली, तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवतात तशी. तो बोटांखाली हलला.

"मी उपाशी ठेवलं तरी याने एक दिवस काम सोडलं नाही," त्या म्हणाल्या. मग दोन्ही हात जोडले आणि मान खाली घालून त्यांनी स्वतःच्या पोटाला मिच्छामि दुक्कडम् केलं.

थैली लावून, हात धुऊन दोघी परत जाऊन दाराजवळ बसल्या.